बापाला जड

ट्रंककाकूंकडे पत्रिका दाखवायला आलेला माणूस बोलायला लागला की काकू भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायच्या आणि बरोबर अर्ध्या वाक्यात त्याला तोडायच्या. "तीन मिनिटं झाली. वाढवायची का?" समोरचा गडबडून जायचा. सुनेपासून सुरू होऊन सोसायटीच्या पाण्यापर्यंत पोचलेल्या एखाद्या बाईच्या तेव्हा कुठे लक्षात यायचं, की आपण ज्यासाठी दोन बस बदलून आलो ते अजून बोललोच नाही. मग ती "वाढवा" म्हणायची आणि खालमानेने एकच वाक्य बोलायची. काकू तेवढंच ऐकायच्या. आधीची तीन मिनिटं त्यांनी ऐकलेलीच नसायची असा मला अजूनही दाट संशय आहे.

काकूंची सगळी नोकरी ठाण्याच्या ट्रंक एक्सचेंजमध्ये गेली. ज्यांनी ते दिवस बघितलेत त्यांना सांगायला नको: गावाला फोन करायचा तर आधी नंबर नोंदवायचा, मग ताटकळत बसायचं, आणि लागला की शेजारच्या इमारतीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलायचं. कॉल तीन-तीन मिनिटांचा असायचा, आणि मध्येच एक बाई त्या बोलण्यात शिरून विचारायची, "बोलणं चालू आहे का?" ती बाई म्हणजे आमच्या काकू. पुढे घरोघरी फोन आले, मग खिशात आले, खात्याने त्यांना बिलांच्या टेबलावर बसवलं आणि तिथूनच त्या निवृत्त झाल्या. पण आवाज एक्सचेंजमधलाच राहिला. ज्योतिष त्या तिथल्याच एका वयस्कर सहकारी बाईंकडून शिकल्या होत्या. मी एकदा विचारलं, "काकू, तुम्ही लोकांचं बोलणं ऐकायचात का हो?" तर म्हणाल्या, "परवानगी नव्हती. पण लाइन तुटली का बघायला कान लावायलाच लागायचा. तुला सांगते, आईबाप आणि मुलं तीन मिनिटं एकमेकांना खोकला कसा आहे ते विचारतात. खरं सांगायचं ते शेवटच्या दहा सेकंदांत काढतात, आणि तेवढ्यात मी म्हणायचे, वेळ संपली. फार पाप लागलंय मला. ते फेडत बसलेय इथे."

आम्ही डोंबिवलीला पूर्वेला राहायला आलो तेव्हा मी कॉलेजात होते. आमचं घर पहिल्या मजल्यावर, काकूंचं तिसऱ्या. लिफ्ट नव्हती. पत्रिका घेऊन आलेली माणसं एक मजला चढून दमायची आणि आमची बेल वाजवायची. आई दार उघडून काही न बोलता बोट वर करायची. पाहुण्यांना वाटायचं, ही बाई 'वरच्यावर विश्वास ठेवा' असं सांगतेय. सगळ्या इमारतीने कधी ना कधी काकूंसमोर पत्रिका ठेवली होती. आईने मात्र नाही. लोणच्याची बरणी खाली यायची, खिरीची वाटी वर जायची, दिवाळीत फराळाची ताटं जिन्यात एकमेकांना ओलांडायची, पण पत्रिकेचा विषय आईने कधी निघू दिला नाही. काकूंनीही काढला नाही. त्यांचा नियम होता, की ज्याने कॉल लावलेला नाही त्याला आपण जोडायचं नाही.

काकूंच्या घरात या सगळ्याला 'दुकान' म्हणत, आणि हा शब्द काकांचा. काका आतल्या खोलीत क्रिकेट बघत. बाहेर कुणी रडायला लागलं की ते टीव्हीचा आवाज कमी करत. सहानुभूती म्हणून की नीट ऐकू यावं म्हणून, ते देव जाणे. बरेचदा त्यांचा आवाज आतून यायचा, "अगं, त्यांना आधी पाणी दे, मग शनी दे."

काकूंचे आणखीही नियम होते. बारा वर्षांच्या आतल्या मुलाची पत्रिका त्या बघायच्या नाहीत. लोक गयावया करायचे, बाळ रडतं, बाळ जेवत नाही, बाळाच्या पत्रिकेत चंद्र बिघडलाय असं ठाण्यात खोपटच्या कुणा ज्योतिषाने सांगितलंय. काकू पत्रिका न उघडताच परत करायच्या. "बारा वर्षांपर्यंत पोर आईबापांच्या पत्रिकेवर जेवतं. तुमची आणा." हा शास्त्रातला जुनाच संकेत आहे म्हणे, पण तो इतक्या कडकपणे पाळणारं दुसरं कुणी मी बघितलं नाही. आणि मोठ्या मुलाची पत्रिका आली तरी पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "पत्रिका कुणाची?" मुलाची, असं उत्तर आलं की दुसरा प्रश्न: "मग तक्रार कुणाची?" इथेच अर्धी गिऱ्हाइकं चुळबुळ करू लागायची.

ठाण्याजवळच्या बाळकुमचे एक दादा मला आठवतात. गळ्यात जाड चेन, खाली गाडी, गाडीत ड्रायव्हर. त्या दिवशी मी काकूंना औषधं द्यायला वर गेले होते आणि त्यांनी मला भाजी निवडायला बसवून घेतलं होतं. दादा म्हणाले, "काकू, पोरगा पार हाताबाहेर गेलाय. आपलीच बिल्डिंग हाय, खाली दुकान काढून दिला, तर बसायला मागत नाय. बोलतो, मला कुत्र्यामांजरांचा डॉक्टर व्हायचाय. बापाला काय इज्जत हाय का नाय?" कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की मुलाच्या पत्रिकेत रवी आणि शनी समोरासमोर आहेत, म्हणजे बापलेकांचं कधी पटायचं नाही. काकूंनी बापाची पत्रिकाही मागवून घेतली होती. त्यांनी दोन्ही कुंडल्या पाटीवर खडूने मांडल्या, नावं न लिहिता. मग एकीवर बोट ठेवून वाचायला लागल्या. हट्टी. वडिलांचा शब्द झेलायचा सोडून मुद्दाम खाली पाडणार. वडिलोपार्जित धंद्यात मन नाही. दादा मांडीवर थाप मारून म्हणाले, "एक नंबर! हाच तो. हाच आमचा पोरगा."

"ही तुमची," काकू म्हणाल्या.

दादा पाटीवर वाकले. मग हळूच बोलले, "माझ्या बापानं पन मला मिठागरावर बसायला सांगितलेला. मी नाय बसलो."

"मग?"

"मग काय, बिल्डिंग बांधली."

काकू हसल्या नाहीत. म्हणाल्या, "रवी-शनी समोरासमोर म्हणजे भांडण असं पुस्तकात लिहिलेलं असतं. मला विचाराल तर समोरासमोर म्हणजे एकमेकांचं तोंड दिसतं एवढंच. पाठ फिरवून बसण्यापेक्षा बरं." दादांना काही ते पटलं नाही. काकूंनी पाटीवर कुंडल्यांची मुद्दाम अदलाबदल केली असा आळ घेऊन ते चहा न पिता गेले. पुढे वर्षाने जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "पोरगा परभणीला गेलाय, जनावरांची डॉक्टरकी शिकायला," आणि चेहरा असा केला की जणू बॅगा काकूंनीच भरून दिल्या होत्या.

काकूंचं नेहमी बरोबर यायचं असं मी म्हणणार नाही. घर सोडून गेलेला मुलगा गणपतीला परत येईल असं त्यांनी एका बाईंना सांगितलं होतं. तो आला नाही, पुढच्या गणपतीलाही नाही. त्या बाई रस्त्यात काकूंना बघून वाट बदलायच्या. काकूंना ते फार लागलं. त्यानंतर त्यांनी 'होईल' आणि 'येईल' हे शब्दच सोडले. आणि बोलणं तर मुळातच फटकळ. माझा व्यवसाय रक्त, लघवी तपासण्याचा, त्यामुळे मी त्यांच्या दुकानाची थट्टा करायचे. त्या मला 'लॅबवाली' म्हणायच्या. "काकू, याला पुरावा काय?" असं मी विचारलं की स्वतःच्या कानावर बोट ठेवून म्हणायच्या, "पुरावा तुझ्या बाटल्यांत शोध. माझ्याकडे एवढंच मशीन आहे, आणि तेही जुनं."

माझी ही थट्टा किती पोकळ होती ते मला एकटीलाच माहीत होतं. माझा जन्म मूळ नक्षत्रावरचा, पहिल्या चरणातला. असं मूल बापाला जड असतं म्हणतात. मी चौथीत असताना बाबा ऑफिसात खुर्चीत बसल्या बसल्या गेले. तेराव्याला घरभर माणसं होती आणि मोठ्या आत्याने पंगतीत वाढता वाढता म्हटलं, "पोर बापाच्या मुळावर आली." मी दाराशी उभी होते. मी आईकडे बघितलं. आई काही बोलली नाही, तिने मान खाली घातली आणि वाढत राहिली. आत्याच्या बोलण्याचं मला तेवढं लागलं नाही. ती सगळ्यांनाच काही ना काही बोलायची. आई गप्प राहिली म्हणजे आईलाही ते पटलं, असं मी धरून चालले. पुढे मी शास्त्र शिकले, साखर आणि कोलेस्टेरॉल मोजायला लागले, बाबांच्या हृदयाला काय झालं असेल ते मला पाठ होतं. पण बाबांच्या तिथीला आई फोटोला हार घालायची तेव्हा मी काहीतरी निमित्त काढून बाहेर जायचे. आणि आई कधी मला थांब म्हणाली नाही.

मग मला ठाण्याचं एक स्थळ आलं. मुलगा चांगला होता, दोनतीनदा भेटलो, हसलो, घरच्यांचा होकारही आला. आणि एका आठवड्याने फोन आला, पत्रिका जुळत नाही. खोदून विचारल्यावर कळलं, की मुलाच्या वडिलांची नुकतीच अँजिओप्लास्टी झाली होती आणि मूळ नक्षत्राची सून सासऱ्याला चालत नाही. मी हसून म्हटलं, "चला, एक बाप संपला, आता दुसऱ्याच्या मागे." म्हणायला नको होतं. आईने हातातली कढई ओट्यावर ठेवली, गॅस बंद केला आणि म्हणाली, "चल, वर जाऊ."

रविवारची दुपार होती. काकू जेवणाच्या टेबलावर शेंगा सोलत बसल्या होत्या. आईने प्लॅस्टिकच्या पिशवीतून माझी पत्रिका काढून समोर ठेवली.

"पत्रिका कुणाची?" काकूंनी विचारलं.

"हिची."

"मग तक्रार कुणाची?"

"माझी," आई म्हणाली, आणि पुढे काही बोललीच नाही. टेबलाची कड धरून बसून राहिली. आतल्या खोलीत टीव्हीचा आवाज कमी झाला. काकूंनी घड्याळाकडे बघितलं नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी अगदी हलक्या आवाजात विचारलं, "बोलणं चालू आहे का?"

आणि आई म्हणाली, "ह्यांनी बघितलं होतं हिला."

मला काहीच कळेना. आई माझ्याकडे न बघता सांगत होती. मुळावरचं मूल म्हणून घरातल्या मोठ्यांनी ठरवलं होतं, की नक्षत्राची शांत होईपर्यंत बापाने तोंड बघायचं नाही. महिन्याभराने तेच नक्षत्र फिरून आलं की शांत करायची, आणि मग बापाने आधी वाटीतल्या तेलात मुलीचं प्रतिबिंब बघायचं, मग मुलीला. आई बाळंतपणासाठी कल्याणजवळ मोहने गावी, माहेरी होती. "तिसऱ्याच दिवशी दुपारी आले. माझी आई आत झोपली होती. म्हणाले, एवढंसं बघतो आणि जातो. मी नको म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. अंधारात नीट दिसेना, म्हणून मी खिडकी उघडली, हिचं टोपडं काढलं आणि दिली त्यांच्या मांडीवर. तासभर घेऊन बसले होते. शांतीच्या दिवशी तेलात बघताना असा चेहरा केला, जसं काही पहिल्यांदाच बघतायत. मला हसू आवरेना, मी खोकल्याचं सोंग केलं." आई ते सांगताना हसली आणि त्याच श्वासात तिचा आवाज फुटला. "ते गेले तेव्हा वन्सं म्हणाल्या, पोर मुळावर आली. मी मनात म्हटलं, पोर नाही हो, मी. टोपडं मी काढलं होतं. कुठल्या तोंडाने बोलणार होते मी?"

मी आईच्या शेजारच्या खुर्चीवर होते आणि तिचा हात धरायचं मला सुचलं नाही. इतकी वर्षं आम्ही दोघी एका घरात, एका माणसाचा मृत्यू आपापल्या माथी घेऊन राहत होतो, आणि दुसरीला कळू नये म्हणून जपत होतो. मला तिचा राग आला. मग लगेच माझाच राग आला. मग बाबा तासभर मला मांडीवर घेऊन बसले होते, एवढंच डोक्यात राहिलं.

काकूंनी शेंगांचं ताट बाजूला सारलं, चष्मा लावला आणि माझी पत्रिका उघडली. "बघा," त्या आईला म्हणाल्या, "दशमात रवी आहे. त्याच्यावर शनीची पूर्ण दृष्टी. वडिलांचं छत्र लवकर जाणार, हे दिसतंय, मी नाही म्हणत नाही. पण पत्रिका कुणाची आहे? हिची. हिच्या पत्रिकेत हिला काय मिळणार आणि हिचं काय जाणार, एवढंच असतं. बाप गेला ते हिचं नुकसान. चोरी जिच्या घरात झाली तिलाच तुम्ही लोक चोर ठरवता. शंभर वर्षं पत्रिका अशीच उलटी वाचतायत."

"आणि मी?" आईने विचारलं.

"त्यांचं आयुष्य त्यांच्या पत्रिकेत. तुमच्या टोपड्याने ते कमी होत नाही आणि वाढतही नाही. तुम्ही दार लावून घेतलं असतं तरी ते गेले तेव्हाच गेले असते. पोरीला मात्र महिनाभर कमी बघितलं असतं." काकूंनी पत्रिका मिटली. "तुम्ही त्यांना महिना दिलात, बाई."

मला माहीत आहे, या बोलण्याला माझ्या बाटल्यांत पुरावा सापडणार नाही. शनीची दृष्टी कुठे पडते याच्याशी माझं आजही देणंघेणं नाही. पण त्या दिवशी मी पुरावा मागितला नाही. जाताना काकूंनी शांत करा, जप करा, खडा घाला, यातलं काही सांगितलं नाही. सोललेल्या दाण्यांची वाटी आईच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "कूट करा. आणि हिला तिच्या बापाबद्दल सांगा जरा. तुमच्या घरातून कधी त्यांचं नाव ऐकू आलं नाही मला." आई त्या दिवशी सांगायला लागली ती आजतागायत सांगतेय. बाबांना गाता येत नव्हतं तरी ते गायचे, हे मला एकोणतिसाव्या वर्षी कळलं.

ते स्थळ काही परत आलं नाही. पुढे निनादशी माझं लग्न झालं आणि मी बाळकुमला आले, त्या दादांच्या घरी नव्हे, पण त्यांच्याच गावात. माझे सासरे ठणठणीत आहेत. रोज संध्याकाळी फिरायला जातात आणि परत आल्यावर वडापाव खाल्ला नाही असं धडधडीत खोटं बोलतात.

काकूंना हळूहळू ऐकू येईनासं झालं. यंत्र आणलं, ते शिट्टी मारायचं, त्यांनी काढून ठेवलं. आणि एक दिवस दुकान बंद करून टाकलं. मी म्हटलं, "काकू, पत्रिका वाचायला डोळे लागतात, ते तर चांगले आहेत तुमचे." त्या म्हणाल्या, "कुंडली डोळ्यांनी दिसते गं. ती कशाला दाखवायला आणलीय ते ऐकायला लागतं." आता लोक मोबाइलवर जन्मवेळ घालतात आणि अ‍ॅप त्यांना दोन मिनिटांत सगळे दोष सांगतं. त्यात वाढवायची का असं कुणी विचारत नाही.

बऱ्याच उपचारांनी मला दिवस राहिले तेव्हा मी काकूंना सांगायला गेले. कानाशी जाऊन ओरडले तेव्हा त्यांना कळलं. त्यांनी माझा गालगुच्चा घेतला आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बारा वर्षं माझ्याकडे आणायचं नाही, सांगून ठेवते!" काका आतून म्हणाले, "अगं, तोवर आहेस का तू?" त्या म्हणाल्या, "म्हणूनच तर सांगतेय." त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्या गेल्या, झोपेतच. आईने तिसऱ्या मजल्यावर दहा दिवस डबा पोचवला, आणि काकांसमोर बसून काकूंबद्दल बोलत राहिली. गेलेल्या माणसाबद्दल बोलायचं असतं हे तिला आता येत होतं.

मुलगी झाली ती ठाण्याच्या एका हॉस्पिटलात, सकाळी. मी अजून गुंगीत होते. नर्सने बाळ गुंडाळून आणलं आणि आईच्या हातात दिलं. निनाद दाराशी उभा होता, आत येऊ की नको अशा चेहऱ्याने. तेवढ्यात आईचा फोन वाजला. मोठ्या आत्याचा. तिचं वय झालंय, आवाज मात्र खणखणीत आहे, माझ्या पलंगापर्यंत आला. "मुलगी ना? वेळ लिहून घेतलीस? नक्षत्र कुठलं ते आधी बघा हो. घाई करू नका."

आईने फोन मान वाकडी करून खांद्यावर धरला. मोकळ्या झालेल्या हाताने बाळाच्या कपाळावरचं टोपडं मागे सारलं, निनादला खुणेने जवळ बोलावलं आणि मुलगी त्याच्या हातांवर ठेवली. मग फोनमध्ये म्हणाली, "नक्षत्राचं बघू नंतर, वन्सं. आत्ता तिचे बाबा तिला बघतायत."